सिस्टरच्या ओट्यावरचा उजेड

सिस्टरच्या घरात शिरायचं असेल तर आधी हात धुवावे लागत. नळाखाली नुसते धरून चालत नसे. साबण लावायचा, बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचा, मनगटाच्या वर कोपरापर्यंत न्यायचा. दारातून आत गेलं की डाव्या हाताला बेसिन होतं आणि त्याच्याशेजारी सिस्टर उभ्या. गॅसवाला असो, कुरिअरवाला असो, वरच्या मजल्यावरचे वकील असोत, कुणालाच सूट नव्हती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या एका हातात ड्रिल मशीनची पेटी होती आणि खांद्यावर वायरची बंडलं.

"पावणं, सामान खाली ठेवा. हात धुवा."

"काम झाल्यावर धुतो की," मी म्हणालो. "आता परत घाणच होणार आहेत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पेशंट सांगतो का, आधी आपरेशन करा, हात मागनं धुवा?"

मी हात धुतले. पुढं कित्येक वर्षं धुतले.

माझं इलेक्ट्रिकचं दुकान उचगावात आहे, पण काम बरंचसं कोल्हापुरात, राजारामपुरीत. सिस्टर तिथंच एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. खाली औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर क्लास, त्यामुळं जिन्यात कायम पोरांची वर्दळ. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती. पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. एका सर्जनच्या दवाखान्यात त्यांनी ऑपरेशन थिएटर सांभाळण्यात उभं आयुष्य घालवलं होतं. नोकरी संपली तरी गल्लीसाठी त्या सिस्टरच राहिल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

मूळच्या त्या राधानगरीकडच्या. वडिलांना मुलीनं नर्सिंग शिकणं मंजूर नव्हतं. घरातून निघाल्या त्या दिवशी वडील फाट्यापर्यंत मागं आले आणि सिस्टर एसटीत चढत असताना त्यांच्या हातातली कपड्यांची पिशवी त्यांनी धरून ठेवली. सिस्टरनी पिशवी वडिलांच्या हातात सोडून दिली आणि नेसत्या साडीनिशी गाडीत जाऊन बसल्या. ही गोष्ट त्या अगदी साधेपणानं सांगायच्या. "कपडे मिळतात की कुठंबी. गाडी गेली असती तर?" पुढं त्याच वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोल्हापुरात आणलं, तेव्हा त्यांच्या उशाशी याच बसून होत्या. पण त्याबद्दल त्या काही बोलत नसत. ते मला त्यांच्या मुलाकडून कळलं.

मुलाचं नाव अभय. तो शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. सिस्टरनी दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळ्या करून त्याला शिकवलं, हे घर स्वतःच्या नावावर घेतलं. अभय इंजिनियर होऊन पुण्याला स्थायिक झाला. आईनं आता आपल्याकडं येऊन राहावं, असा त्याचा धोशा होता. खरं सांगायचं तर तो चुकीचं काही म्हणत नव्हता, कारण सिस्टरना काचबिंदू झाला होता.

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, दुसऱ्या कुणाचा तरी आजार सांगावा तसं. दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरले आणि म्हणाल्या, "बाजूचं दिसायचं बंद झालंय. मधलं तेवढं शिल्लक हाय. गेलेलं परत येत न्हाय, ऱ्हायलेलं सांभाळायचं. म्हणून तुला बोलावलंय. स्वयंपाकघरात मला उजेड पायजे."

स्वयंपाकघर तसं लहानच. ओटा खिडकीच्या भिंतीला आणि ट्यूबलाइट ओट्यापाशी उभ्या माणसाच्या पाठीमागच्या भिंतीवर. बहुतेक घरांत असते तशी. त्यांनी मला ओट्यापाशी उभं केलं, हातात सुरी दिली आणि ट्यूब लावली. "काप आता कांदा. काय दिसतं?" माझ्या डोक्याची आणि खांद्यांची सावली थेट सुरीखाली, कांद्यावर पडली होती. "उभा जन्म मी माझ्याच सावलीत कांदा कापलाय," सिस्टर म्हणाल्या. "चांगलं दिसत होतं तवर चाललं. आपरेशनच्या थेटरात दिव्याखाली सावली पडू देत न्हाईत. का? तर तितं माणसाचा जीव असतो. मग माझ्या बोटांत काय जीव न्हाय व्हय?"

त्यांनी स्वयंपाकघराला फॉल्स सीलिंग करायला घेतलं होतं. सांगाडा लागला होता. माझं काम असं की त्यावर छताच्या पाट्या बसायच्या आधी वायरी ओढून ठेवायच्या, मग पाट्यांना गोल भोकं पाडून त्यांत छतालगत बसणारे दिवे घालायचे. मी सवयीनं कागदावर खोलीच्या मधोमध दोन सरळ ओळी काढल्या. दिसायला छान दिसतात. सगळीकडं तसेच बसवतो आम्ही.

सिस्टरनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "देखणं हाय. पण मी छताकडं बघत चपात्या लाटणार हाय का?"

त्यांना दिवे ओट्याच्या अगदी वर, भिंतीला चिकटून पाहिजे होते. मी म्हणालो, तसं चालणार नाही. वर भांड्यांची कपाटं आहेत, अर्धा उजेड त्यांच्याच डोक्यावर पडेल. शिवाय उघडा दिवा समोरून डोळ्यात घुसला तर तुम्हाला आहे तेही दिसायचं नाही. त्यांना वाद आवडायचा. मी हळू आवाजात हो-हो केलं असतं तर त्यांनी दुसरा वायरमन बघितला असता, असं मला अजून वाटतं. बराच वेळ आमचं खटकत राहिलं. शेवटी कपाटांच्या दारापासून जराशी बाहेर, ओट्याच्या कडेच्या वर, अशी एक ओळ ठरली. आणि दिवे असे, की ज्यांचा बल्ब आत खोल बसतो आणि उजेड फक्त खाली पडतो.

"हे बरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "आता जेव."

जेवता जेवता त्यांनी माझी मान पाहिली. शिडीवर उभं राहून सारखं वर बघणाऱ्या माणसाची मान धरतेच. मी कुणाला बोललो नव्हतो. त्यांनी पाठीमागं उभं राहून अंगठ्यानं एक जागा दाबली, मी कळवळलो. "रोज भिंतीला पाठ लावून उभा ऱ्हायचं, हनुवटी आत घ्यायची. ऐकणार न्हाईस, मला म्हायत हाय. पण सांगायचं काम माझं." माणूस घरात आला की त्याचं कुठं तरी दुखत असणार, अशी त्यांची खात्रीच होती. क्लासच्या पोरांना त्या जिन्यात अडवून डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायच्या आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायच्या.

पाट्या लागल्या. स्वयंपाकघराच्या दिव्यांची लाइन बंद करून मी एका शनिवारी भोकं पाडायला घेतली. छतातून वायरींची टोकं लोंबत होती, खाली ओट्यावर पांढरी पूड पडली होती, सिस्टरनी भांड्यांवर जुनी लुगडी पसरली होती. तेवढ्यात अभय आला. पुण्याहून गाडी चालवत थेट आला होता. दारात त्यानं मुकाट्यानं हात धुतले, आत आला आणि छताकडं बघत राहिला.

"हे काय चाललंय?"

"दिवे."

"आई, उद्या लोक घर बघायला येणार आहेत. मी तुला फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस की. मी व्हय म्हणालो न्हवतो."

तो माझ्याकडं वळला. "काम बंद करा. उतरा खाली." मी शिडीवरून उतरायला लागलो. तो आवाज चढवून बोलला नव्हता, थकलेला होता. घरातल्या माणसांच्या भांडणात वायरमननं शिडीवर कशाला राहायचं, असं मला वाटलं.

"दिलीप," सिस्टर म्हणाल्या, "तुला कुणी बोलावलं?"

"तुम्ही."

"मग उतर म्हणून मी सांगतो. वर जा."

मी मधल्या पायरीवर थांबलो. अभयनं आईचा हात धरला आणि तिची बाही वर सरकवली. मनगटापासून वर भाजल्याचा लांब डाग होता, अजून पुरता न सुकलेला. "हे काय आहे? फोनवर म्हणालीस, काही झालं नाही. पातेल्याचा दांडा दिसला नाही ना? उद्या पदर पेटला तर कोण आहे इथं? मी पुण्यात बसून रोज काय विचार करतो, तुला माहीत आहे?"

सिस्टरनी हात सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं त्याचा हात थोपटला. "भाजलं ते अंधारात भाजलं. म्हणून उजेड करतोय. तू अंधार तसाच ठेवून मलाच हलवाया बघतोस."

"माझ्याकडं काय कमी आहे तुला?"

"काय बी कमी न्हाय. तुझी बायको मला पाण्याचा पेला हातात आणून देती. मी उठलो की बसवती. तिचं चुकत न्हाय. पण तितं मी पेशंट असतो, अभय. इतकी वर्षं पेशंट बघितल्यात मी. कॉटवर पडला की माणूस पेशंट होत न्हाय. त्याच्या हातातलं काम काढून घेतलं की होतो."

अभय बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. सिस्टरनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा कडक होता. मी वरची पायरी चढलो आणि पुढचं भोक पाडायला घेतलं.

दिवे लागले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. जोडण्या तपासल्या, लाइन चालू केली आणि बटण त्यांना दाबायला सांगितलं. ओटा उजळला. सिस्टरनी दोन्ही हात उजेडात पुढं केले, तळवे वर, मग खाली, मग बोटं फाकवून. बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. त्या म्हणाल्या, "शी, केवढा मळलाय हा ओटा," आणि फडकं घेऊन घासायला लागल्या.

मी हत्यारं आवरत होतो तोवर घर बघायला येणारे आलेच. नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघं नोकरी करणारी. बिचकतच हात धुतले. अभय त्यांना खोल्या दाखवत होता, सिस्टर मागून माहिती पुरवत होत्या. "बेडरूम हवेशीर हाय. पाण्याचा काय बी त्रास न्हाय. शेजार चांगला हाय. बघा, सगळं बघा. फक्त एक हाय, हे घर विकायचं न्हाय."

तो मुलगा गोंधळला. "मग आम्ही बघतोय कशाला?"

"आलाय म्हणून. लांबनं आलेल्या माणसाला दारातनं परत पाठवायचं बरं दिसत न्हाय. बसा, पोहे करतो."

आणि त्यांनी खरंच केले. चौघं आम्ही दारात दाटीनं उभे. सिस्टर उजेडाखाली कांदा चिरत होत्या. सुरी ठक ठक वाजत होती, कांदा एकसारखा पडत होता. कढईचा कान पकडायच्या आधी त्या एकदा मान वळवून तो नीट नजरेच्या मधोमध आणत आणि मगच हात घालत. फोडणी, मिरची, हळद, कशातच घाई नव्हती. अभय एकटक बघत होता. त्याची आई इतक्या दिवसांत त्यानं बहुधा आजारी म्हणूनच बघितली होती.

खाऊन झाल्यावर त्या मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, असे दिवे आमच्या घरात बसवाल का, घर मिळालं की. मी नंबर दिला. अभयनं ते ऐकलं आणि तो पिशवी उचलून जिना उतरला.

त्यानंतर बरेच महिने तो आला नाही. सुनेचा फोन यायचा, त्याचा नाही. मी एकदा पंख्याच्या कामाला गेलो, तेव्हा सिस्टर ओट्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या, फोन समोर ठेवलेला. डाळ शिजत होती, दिवे लावलेले. "रागावलाय," त्या म्हणाल्या. "रागावू दे. माझंच रक्त हाय, लगेच कसं निवायचं?" मी म्हणालो, तुम्हीच करा की फोन. "मी रोज करतो. तो उचलत न्हाय." हे सांगताना त्या डाळ ढवळत राहिल्या. जिंकल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. फक्त मागं हटल्या नाहीत.

मधल्या काळात त्यांची नजर आणखी आकसत गेली. त्या त्यावर उपाय काढत गेल्या. पांढऱ्या तांदळाला काळी परात, काळ्या उडदाला पांढरी थाळी. गॅसची बटणं बंद आहेत का, ते बोटानं तपासायचं. माझ्याकडून त्यांनी दिव्यांची बटणं ओट्याच्या कडेला, हात सहज जाईल अशा उंचीवर आणून घेतली. शेजारणी म्हणायच्या, आता डबा लावा, कशाला जिवाला त्रास. सिस्टर त्यांनाच जेवायला बसवायच्या आणि मीठ बरोबर आहे का विचारायच्या.

अभय आला तो दिवाळीच्या आधी. चकल्या तळायचं चाललं होतं. मी तेव्हा तिथं नव्हतो, मला सिस्टरनीच सांगितलं. तो आला, हात धुतले आणि आईच्या शेजारी उभा राहून सोऱ्या दाबायला लागला. दोघंही मागच्या भांडणावर काही बोलली नाहीत. एवढंच म्हणाला, "तेल कडक झालंय, आच कमी कर," आणि त्या म्हणाल्या, "मला दिसतंय."

दोन दिवसांनी त्याचा मला फोन आला. झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायच्या बोळात अंधार आहे, तिथंही तसेच दिवे बसवा म्हणाला. "आणि मी सांगितलं असं आईला सांगू नका." मी गेलो, दिवे बसवले, कुणी सांगितलं ते बोललो नाही. सिस्टरनी बटण दाबून बघितलं. "अभयला म्हणावं, मला कमी दिसतं. कमी कळत न्हाय."

माझ्या कामात त्यांच्यामुळं एक फरक पडला. आता कुणाच्याही स्वयंपाकघराचं काम आलं की मी आधी विचारतो, इथं स्वयंपाक कोण करतं, त्यांना जरा बोलवा. काही ठिकाणी घरमालक वैतागतो. नकाशा दिलाय ना, मग बायकांना कशाला विचारायचं, म्हणतो. अशी एक-दोन कामं हातची गेली. गेली तर गेली. काही ठिकाणी मात्र आतून एखादी बाई पदराला हात पुसत येते, आपलं काय काम असेल म्हणून दारातच थांबते, आणि मी विचारल्यावर आधी नवऱ्याकडं बघते, मग ओट्याकडं. बोलायला लागली की तिला सगळं माहीत असतं. कुठं सावली पडते, कुठं हात भाजतो, कुठल्या कोपऱ्यात झुरळ दिसत नाही.

सिस्टर गेल्या त्या अचानक. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं, दूध तापत ठेवलं, आणि छातीत कळ आली तशी आधी गॅस बंद केला, मग शेजारणीला हाक मारली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारीण रडत सांगत होती, "हाक मारली तीबी काय म्हणून? घाई करू नका, जिना जपून उतरा, म्हणून."

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. बाहेरची खोली माणसांनी भरली होती. दवाखान्यातल्या आता म्हाताऱ्या झालेल्या नर्स होत्या, राधानगरीकडचे नातेवाईक होते, क्लासची पोरं जिन्यात उभी होती. अभय भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. त्याच्या आईचे चुलतभाऊ, गावाकडचे वयस्कर गृहस्थ, उसासा टाकून म्हणाले, "लई हट्टी. पुण्याला गेली असती तर पोरासोरांत गेली असती. शेवटी एकटीच ऱ्हायली बिचारी."

इतरांनी माना हलवल्या. अशा वेळी हलवतातच. अभयनं मान वर केली. इतक्या वर्षांत मी त्याला कधी पुण्याच्या भाषेशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं.

"एकटी ऱ्हात होती, मामा," तो म्हणाला. "बिचारी न्हवती ती."

अभय उठला. कुणी तरी म्हणालं, अरे बस, आज या घरात गॅस पेटवायचा नसतो, चहा आम्ही खालनं आणतो. तो थांबला नाही. स्वयंपाकघरात गेला, दिवे लावले आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.